धागा तुटतो कुठे?

समाजवादी अर्थरचना एकजिनसी संस्कृतीच्या समाजातच रुजते, असे काही विचारवंत म्हणतात. म्हणजे आम्ही मराठी मुसलमानांनी आधी वेगळेपण पुसावे, मग वाटा मागावा! आम्हाला हे पटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होतो म्हणून सवर्ण कामगार स्वधर्मीय, स्वभाषिक दलितांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. उलट १९४४मध्ये बार्शीचे अमर शेख आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ‘लाल बावटा कलापथका’त एकत्र आले. त्यांच्या शाहिरीचे मर्म इथेच आहे. वाटून खायला एक संस्कृती लागत नाही; पंगतीत बरोबरीची जागा लागते.