पूर आणि कथनाचा नकार : सिसलेचे एक नदीचित्र

दृक्प्रत्ययवादी चित्रकलेवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो : ही कला प्रकाशाच्या पृष्ठभागावर रेंगाळते, मानवी आशयाला भिडत नाही. आल्फ्रेड सिसले (१८३९–१८९९) याचे ‘पोर-मार्लीचा पूर’ हे चित्र या आक्षेपाचा सोयीचा पुरावा ठरू शकेल. मार्च १८७६ मध्ये सेन नदीचे पाणी पॅरिसच्या पश्चिमेकडील या गावात शिरले आणि सिसलेने त्या पुराची किमान सहा चित्रे रंगविली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील चित्रात डावीकडे मद्यविक्रेत्याची उंच इमारत, उजवीकडे पाण्यात उभी झाडे आणि वर ढगांचे विस्तीर्ण आकाश आहे. आकांत कोठेही नाही. आपत्तीचे हे शांत चित्रण संवेदनशून्य मानावे काय?

या प्रश्नात आशय म्हणजे घटना, हे समीकरण गृहीत धरलेले आहे. त्याचे मूळ लेसिंगच्या ‘लाओकोऑन’ (१७६६) या ग्रंथात शोधता येते. चित्राला एकच क्षण उपलब्ध असतो. म्हणून आधीचे व नंतरचे ज्यातून सूचित होईल असा क्षण चित्रकाराने निवडावा, असे लेसिंगचे प्रतिपादन. लूव्रमधील पूसँचे प्रलयचित्र (१६६०–६४) या अपेक्षेला उतरते : होडी उलटते आहे, मूल वर पसरलेल्या हातांत दिले जात आहे. तेथे पाणी हे कथेचे साधन आहे.

सिसले अशी निर्णायक कृती नाकारतो. पाणी आलेले आहे आणि अद्याप ओसरलेले नाही, एवढेच त्याचे चित्र सांगते. मात्र कथन वगळल्याने अर्थ लोपत नाही. तो घटकांच्या परस्परसंबंधांत वसू लागतो. भिंती व बुंधे यांच्या उभ्या रेषा पाण्याच्या आडव्या विस्ताराला छेदतात. रस्त्याच्या जागी आकाशाचे प्रतिबिंब येते. घर तेच असते, परंतु त्याच्या पायाखालची जमीन दिसेनाशी झालेली असते. परिचिताचे हे अनोळखी होणे हाच येथील आशय होय. हीच इमारत मालिकेतील इतर चित्रांतही पुन्हा येते. त्यामुळे काळाचे भान एका गर्भित क्षणातून येण्याऐवजी चित्रा-चित्रांमधील अंतरातून येते.

१८७०–७१ च्या युद्धानंतर सिसलेच्या वडिलांचा व्यवसाय बुडाला, म्हणून या घरात चित्रकाराची निराधारता पाहण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास चित्राने नाकारलेली कथा चरित्राच्या वाटेने परत आणली जाते.

या दृष्टीला मर्यादाही आहे. माणसे येथे लहान आकृत्यांपुरती उरतात. त्यांचे नुकसान चौकटीबाहेर राहते. ही किंमत मान्य करावीच लागेल. तथापि कथात्म साहित्यातील वर्णनाला निवेदनाचे दुय्यम अंग मानणाऱ्या समीक्षेला हे चित्र एक प्रश्न विचारते : जेथे काहीच घडत नाही, तेथे अर्थही घडत नाही, हे कशावरून?