‘आत्महत्येच्या हेतूविना स्व-इजा’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना
स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करणारा, पण ‘मला मरायचे नव्हते’ असे सांगणारा विद्यार्थी समुपदेशकासमोर येतो, तेव्हा त्या विधानाला किती वजन द्यावे हा प्रश्न पहिल्याच भेटीत उभा राहतो. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये या वर्तनाला ‘आत्महत्येच्या हेतूविना स्व-इजा’ असे स्वतंत्र नाव दिले. प्रस्तुत लेखात या संज्ञेचे सामर्थ्य व मर्यादा उपचाराच्या अंगाने तपासावयाच्या आहेत.

संज्ञेची पार्श्वभूमी
कार्ल मेनिंजर यांनी ‘मॅन अगेन्स्ट हिमसेल्फ’ (१९३८) या ग्रंथात स्व-इजेकडे अंशतः घडलेला आत्मघात, म्हणजे संपूर्ण विनाश टाळण्यासाठी मनाने केलेली तडजोड म्हणून पाहिले. आर्मांडो फावाझा यांनी ‘बॉडीज अंडर सीज’ (१९८७) या ग्रंथात विविध संस्कृतींतील दाखले एकत्र करून विषयाची कक्षा रुंदावली. डीएसएम-४ (१९९४) मध्ये मात्र हे वर्तन सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराच्या निकषांपैकी एका निकषात सामावले होते. परिणामी, हातावरील व्रण पाहून व्यक्तिमत्त्वावरच शिक्का मारला जाण्याचा धोका होता. नव्या संज्ञेने ही सांगड सैल केली, हे तिचे श्रेय निःसंशय मान्य करावे लागेल.

हेतूचा प्रश्न
डीएसएम-५ ने वर्षभरात किमान पाच दिवस असे वर्तन घडणे आणि आत्महत्येचा हेतू नसणे हे निकष मांडले. ही अवस्था ‘अधिक अभ्यासाची गरज असलेल्या’ विभागात ठेवण्यात आली आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही ती तेथेच आहे. येथे दोन आक्षेप संभवतात. एक म्हणजे, दिवसांच्या मोजणीतून वर्तनाची वारंवारता कळते, त्यामागील वेदनेची खोली कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हेतू हा व्यक्तीचा स्थायी गुणधर्म नसून त्या दिवशीचे निवेदन असते. नैराश्यग्रस्त किशोरवयीनांच्या ब्रिटन व अमेरिकेतील दोन अभ्यासांत (२०११), हेतूविना केलेल्या स्व-इजेचा पूर्वेतिहास असणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता अधिक आढळली. २०१३ मध्येच नव कपूर, कीथ हॉटन व सहकाऱ्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये ही विभागणी म्हणजे खोटे द्वैत तर नव्हे ना, असा प्रश्न उपस्थित केला. ब्रिटिश परंपरेत हेतू कोणताही असो, ‘सेल्फ-हार्म’ ही एकच संज्ञा वापरली जाते.

उपचाराची दिशा
मॅथ्यू नॉक व मिचेल प्रिन्स्टाइन यांनी २००४ मध्ये रुग्णालयात दाखल १०८ किशोरवयीनांच्या अभ्यासातून ‘ही कृती त्या व्यक्तीसाठी कोणते काम करते?’ असा प्रश्न विचारला. असह्य भावना शमविणे हे कारण तेथे ठळक दिसले. त्यामुळे ‘लक्ष वेधण्यासाठी केले’ हा आपल्याकडील सरसकट निष्कर्ष टिकत नाही. मार्शा लिनेहान यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचारात भावना सहन करण्याची व नियंत्रित करण्याची कौशल्ये शिकविली जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७३ किशोरवयीनांवरील चाचणीत सहा महिन्यांअखेर ही पद्धती आधारात्मक उपचारापेक्षा सरस ठरली. मात्र वर्षअखेरीस दोहोंतील फरक लक्षणीय राहिला नाही. म्हणजेच ती उपयुक्त असली, तरी रामबाण नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने पुढील धोक्याचे भाकीत करण्यासाठी मोजपट्ट्या वापरू नयेत आणि शिक्षात्मक पवित्रा घेऊ नये, असे स्पष्ट केले आहे.

भारतीय संदर्भ
आपल्याकडे हेतूला कायद्याचीही बाजू होती. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. त्यामुळे हेतू नाकारणे ही तरुणाची व कुटुंबाची ढाल ठरू शकत होती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या ११५ व्या कलमाने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ चे सर्वसाधारण कलम उरले नाही. तथापि कायद्यातील भीती ओसरली म्हणून घरातील व महाविद्यालयातील भीती आपोआप ओसरत नाही.

समारोप
‘हेतूविना’ हा शब्द अंतिम निर्णय मानला तर धोका नजरेआड होतो. तो अविश्वसनीय मानला तर तरुणाचा विश्वास गमावला जातो. म्हणून उपचारकाने त्याचे निवेदन प्रामाणिक मानावे, परंतु आत्महत्येच्या विचारांविषयी दर भेटीत नव्याने व थेट विचारावे. ‘पुन्हा करणार नाही’ असे वचन घेण्यापेक्षा, त्या कृतीने भागणारी गरज अन्य कोणत्या मार्गाने भागेल याचा शोध त्याच्यासह घ्यावा. व्रण प्रथम पाहणारा प्राध्यापक उपचारक नसतो. मात्र उपदेश वा गवगवा न करता ऐकून घेणे आणि योग्य तज्ज्ञापर्यंत सोबत जाणे, हे त्याच्या अधिकारकक्षेत निश्चितच येते.