हुतात्मा चौकातील दोन शिल्पे : बाजारपेठेतील सार्वजनिक शिल्पाचा एक विचार

प्रास्ताविक :
सार्वजनिक शिल्पाच्या मूल्यमापनात माध्यम, शैली व शिल्पकाराचे कौशल्य यांचा विचार होतो. पाहणाऱ्यास थांबण्यास जागा आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील हुतात्मा चौक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बँका, दुकाने आणि पदपथांवरील पुस्तकविक्रेते यांच्यामुळे सदैव गजबजलेल्या या चौकात दोन भिन्न प्रकृतीची शिल्पे शेजारी उभी आहेत.

शिल्पांचे स्वरूप :
फ्लोरा फाउंटन १८६४ मध्ये उभारले गेले. रिचर्ड नॉर्मन शॉ यांची रचना व जेम्स फोर्सिथ यांचे शिल्पकाम असलेले हे कारंजे पोर्टलंड दगडात घडविलेले आहे. मूळ योजनेनुसार ते व्हिक्टोरिया उद्यानात उभे राहावयाचे होते. ते चारही बाजूंनी पाहता येते, शोभा देते आणि पाहणाऱ्याकडून काहीही मागत नाही. ही उद्यानशिल्पाचीच वृत्ती होय.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी याच परिसरात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. राज्यस्थापनेनंतर येथे हुतात्मा स्मारक उभे राहिले. शेतकरी व कामगार या दोन आकृती मिळून एक मशाल धरतात. कारंज्याच्या शिखरावर फ्लोरा एकटी आहे. येथे एकाचा भार दुसरा वाटून घेतो. हे शिल्प केवळ दिसू इच्छित नाही, ते स्मरणाची मागणी करते.

चर्चा :
या दोहोंकडे वसाहतवाद विरुद्ध अस्मिता एवढ्याच चौकटीतून पाहणे अपुरे ठरते. जवळच असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या उद्यानात गेला. फ्लोरा मात्र जागेवरच राहिली. ती राज्यकर्ती नव्हती, पुराणकथेतील देवता होती. तिच्या रूपात सत्तेचा चेहरा नव्हता. अलंकरणाची ही निरुपद्रविताच तिला तारून गेली असावी.

स्मारकाची अडचण नेमकी उलट आहे. शोभेचे शिल्प चालत्या गाडीतून ओझरते दिसले तरी त्याचे कार्य पुरे होते. स्मृतिशिल्पाचे होत नाही. त्यासाठी क्षणभर थांबावे लागते. खरेदीची घाई आणि वाहनांचा ओघ यांत ते थांबणे घडत नाही. परिणामी अभिवादनाचे दिवस वगळता स्मारक हे पत्ता सांगण्याची खूण बनते. बोलण्यात चौकाचे नाव अनेकदा ‘फाउंटन’ असेच राहते, हे केवळ सवयीचे लक्षण मानता येत नाही.

कारंज्याचे जतनकार्य २०१९ मध्ये पूर्ण झाले. दगडावरील रंगाचे थर उतरविण्यात आले आणि भोवताली पादचाऱ्यांसाठी फरसबंद जागा लाभली. यातील महत्त्वाची गोष्ट दगडाच्या शुभ्रतेपेक्षा ती मोकळी जागा होय, कारण तीमुळे रस्त्याने जाणारा माणूस प्रेक्षक होऊ शकतो.

निष्कर्ष :
बाजारपेठेतील शिल्पाची व्याप्ती चौथऱ्याशी संपत नाही. त्यापुढील चार पावलांची भूमीही त्याचाच भाग असते. ज्या भूमीवर माणसे एकत्र उभी राहिली म्हणून ती मारली गेली, तेथे उभे राहण्याची मुभा हीच स्मारकाची खरी पूर्तता आहे. नगररचनेने ती गृहीत धरली नाही, तर मशाल पेटती राहूनही तिचा अर्थ विझू शकतो.