खोटी भीती, खरी भीती: मुलांच्या दुखण्यावरचं एक मॉडेल कळवणमध्ये चालेल का?

"दुखतंय ना, मग बस एका जागी." हे वाक्य तुम्हीही एखाद्या मुलाला म्हटलं असेल. आजचं संशोधन नेमकं याच्या उलट बोलतं.

व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली 'पेन' या नियतकालिकात भीती आणि टाळाटाळीचं मॉडेल सविस्तर मांडलं. तर्क सोपा आहे: दुखण्याची धास्ती घेतली की हालचाल कमी होते, ताकद जाते, मन खचतं आणि दुखणं वाढतं. यावरून मुलांसाठीही उपचार निघाला. ज्या कामाची भीती वाटते, ते थोडंथोडं करून बघायचं. आधी रोजच्या कामांचे फोटो दाखवून भीती मोजायची.

नेदरलँड्समधले फोटो कळवणच्या आश्रमशाळेत कितपत उपयोगी? इथे हवेत सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या, डोक्यावरचा हंडा, कांदाकाढणी. पण फोटो बदलता येतात. खरी अडचण वेगळीच आहे.

हे मॉडेल पाठीच्या, स्नायूंच्या दुखण्यावर उभं राहिलं. तिथे बहुतेकदा धोका कमी आणि भीती जास्त असते. आपल्याकडे मात्र भिल्लांसारख्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं, गार पाण्यात पोहलं, दम लागेस्तोवर पळलं तर कळ खरंच उठू शकते. चणकापूर धरणात उतरायला नको म्हणणारं असं पोर भित्रं नाही, शहाणं आहे. त्याला 'भीती सोड' म्हणणं चूकच.

मग मॉडेल टाकून द्यायचं? अजिबात नाही. दोन दुखण्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत चालणं, हलका खेळ बहुतेक मुलांना जमतो. पीटीच्या तासाला कायम झाडाखाली बसवलं तर ताकदही जाते आणि दोस्तही. म्हणून माझं म्हणणं एवढंच: 'भीती किती?' याच्या जोडीला 'त्यातली खरी किती?' हेही डॉक्टरांसोबत ठरवा. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्याची बाटली, मध्ये विश्रांती, थंडीत स्वेटर आणि रोज थोडं जास्त. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर खेळ बंद, थेट दवाखाना.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तपासणीतून आजार कळेल. पण खेळाच्या तासाला त्या मुलानं काय करायचं, हे त्याच्या सरांना कोण सांगणार? तुम्ही शिक्षक असाल, तर हा प्रश्न पुढच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांना जरूर विचारा.