तक्त्यातली चिकणमाती आणि डोंगरावरची चिकणमाती

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर काही महिन्यांनी शिक्षकांच्या एका शिबिरात मी मातीविषयी बोलत होतो. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, चिकणमातीतून पाणी सहज झिरपत नाही असे आम्ही वर्गात शिकवतो. वर्तमानपत्रात आले की डोंगरावरच्या चिकणमातीत पाणी मुरले, ती जड झाली आणि घसरली. मुले विचारतात, पाणी आत जातच नाही तर ती जड कशी झाली? काय सांगू?" मी त्या वेळी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. पुढे २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ च्या जुलैमध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी येथे तसेच घडले, आणि दोन्ही वेळा तो प्रश्न आठवला. प्रश्न मुलांचा असला तरी दोष आपल्या मातीच्या पाठात आहे, असे आता माझे मत झाले आहे.

हा पाठ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रेताड, पोयटा आणि चिकण असे तीन रकाने असतात. प्रत्येकापुढे कणांचा आकार, पाणी धरून ठेवण्याची क्षमता, निचरा आणि मशागतीची सोय दिलेली असते. यातले एकही विधान सरळ खोटे म्हणता येणार नाही. पण हा तक्ता सपाट शेतासाठी, खरे तर काचेच्या नरसाळ्यासाठी, तयार झालेला आहे. आपल्या राज्यात डोंगरउतारावर राहणारी, तिथल्या शाळेत जाणारी मुले थोडी नाहीत. त्यांच्या पायाखालची माती या तक्त्यात कुठेच बसत नाही.

प्रथम नरसाळ्याचाच प्रयोग पाहू. माती आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, नरसाळ्यात भरून वरून पाणी ओतायचे आणि खाली किती थेंब पडतात ते मोजायचे. चिकणमातीतून पाणी सर्वांत सावकाश येते. येणारच, कारण ती कुटताना आपण तिची रचना मोडून टाकली. घर पाडून विटा मोजल्या तर घरात खोल्या किती होत्या आणि दारे कुठे होती हे समजत नाही. डोंगरावरच्या लाल चिकणमातीचे सूक्ष्म कण लोहाच्या ऑक्साइडांनी एकमेकांना चिकटून रव्यासारखे दाणे झालेले असतात. दाण्यादाण्यांमधून पाणी जवळजवळ वाळूतून जावे तसे खाली उतरते. शिवाय उन्हाळ्यातल्या भेगा, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, खेकड्यांची आणि उंदरांची बिळे यांतूनही पाणी जातेच. "चिकणमातीतून पाणी झिरपत नाही" हे वाक्य कुटलेल्या मातीबद्दल खरे आहे. उभ्या डोंगराबद्दल ते पुष्कळदा खरे नसते.

दुसरी अडचण 'चिकणमाती' या शब्दातच आहे. तो आपण निदान तीन अर्थांनी वापरतो. एक अर्थ कणांच्या आकाराचा: मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान कण. दुसरा खनिजांच्या एका कुळाचा. तिसरा बोटांना लागणाऱ्या चिकटपणाचा. पाठात हे तिन्ही अर्थ बेमालूम मिसळतात. वस्तुतः या कुळातली खनिजे परस्परांपासून फार भिन्न आहेत. केओलिनाइटच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारण दहा-वीस चौरस मीटर, म्हणजे एका खोलीएवढे भरते. मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांमधले पृष्ठही धरले तर ते सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत जाते; चार-पाच व्हॉलिबॉलची मैदाने एका चिमटीत! या थरांमध्ये पाणी शिरते म्हणून काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. केओलिनाइटच्या थरांमध्ये पाणी शिरत नाही. दोन मातींमध्ये सूक्ष्म कणांचे प्रमाण शेकडा साठ असे सारखेच असले तरी एक फुगेल आणि दुसरी फुगणार नाही. तक्त्यात मात्र दोघींना एकच रकाना. आपल्या शेतकऱ्यांची भाषा याहून काटेकोर आहे. भारी, हलकी, मुरमाड, चोपण, चिबड हे शब्द माती पाण्याशी कशी वागते ते सांगतात. पाठ लिहिणाऱ्यांनी ते का वगळले हे मला कळलेले नाही.

तिसरे म्हणजे "बेसॉल्टपासून काळी माती तयार होते" हे वाक्य. महाबळेश्वरचा खडक बेसॉल्टच आहे आणि माती मात्र लालभडक, जांभ्याची. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या उतारावर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते. मागे केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे राहतात. पूर्वेकडील कमी पावसाच्या सखल भागात हे पदार्थ जागीच साचतात आणि त्याच खडकापासून मॉन्टमोरिलोनाइटच्या गटातली खनिजे बनतात. म्हणजे मातीचा स्वभाव खडकाइतकाच पाण्याच्या निचऱ्यावर ठरतो. एकाच डोंगरावर वर तांबडी आणि पायथ्याच्या सखल जागी काळी माती सापडते ती त्यामुळेच.

आता 'जड झाली' या स्पष्टीकरणाकडे वळू. वर्तमानपत्रे ते देतात, आणि आपणही देतो. एक फळी तिरकी धरा, तिच्यावर एक पुस्तक ठेवा आणि ते कोणत्या कोनाला घसरते ते पाहा. मग त्यावर तसेच दुसरे पुस्तक ठेवून पुन्हा पाहा. वजन दुप्पट झाले, पण घसरण्याचा कोन तोच राहिला. वजनामुळे खाली ओढणारे बल वाढते आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. चिकणमातीत घर्षणाखेरीज कणांची आपापसांतली पकडही असते, ती वजनाबरोबर वाढत नाही. त्यामुळे वजनाचा थोडाफार परिणाम होतो हे खरे, पण मुख्य कारण ते नव्हे.

मुख्य कारण घरात पाहायला मिळते. गरम आमटीची, बुडाला कड असलेली वाटी ओल्या टेबलावर ठेवली की कधी कधी आपोआप सरकते. बुडाखाली अडकलेली हवा तापते, प्रसरण पावू पाहते आणि वाटीचे काही वजन स्वतःवर तोलते. टेबलावरचा दाब कमी होतो, तसे घर्षणही कमी होते. मातीच्या छिद्रांत अडकलेले पाणी हेच करते. वरच्या थराचे काही वजन पाणी पेलते आणि कणांमधले घर्षण तेवढे घटते. कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडले आणि मृदायांत्रिकीचे शास्त्र त्यावर उभे राहिले.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणिताने दाखवता येईल. उतार २५ अंश, मातीचा घर्षणकोन ३० अंश, कणांची पकड सोयीसाठी शून्य धरा. विरोध करणारे बल भागिले ओढणारे बल हे गुणोत्तर म्हणजे ३० अंशांची टॅन भागिले २५ अंशांची टॅन, साधारण १.२४. एकापेक्षा जास्त आहे म्हणून उतार टिकतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १९०० किलो धरा आणि पाणी उताराला समांतर वाहत आहे असे माना. थराच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी चढले की गुणोत्तर ०.९१ होते, पृष्ठभागापर्यंत चढले तर ०.५९. पाणी थराच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडे वर गेले की उतार सुटतो. थराची जाडी आणि त्याचे एकूण वजन गणितात कुठेही लागले नाही, हे विद्यार्थ्यांच्या आवर्जून लक्षात आणून द्यावे.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. लाल मातीच्या दाण्यांमधून आणि भेगांमधून पाणी झपाट्याने आत जाते. खाली घट्ट बेसॉल्ट, किंवा दोन लाव्हांच्या मधला चिकट लाल थर लागला की ते अडते. कित्येक झरे नेमके अशाच सांध्यावर फुटतात. काही दिवस सतत पाऊस पडला, आत येणारे पाणी झऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झाले, की दाब चढत जातो. चिकणमाती पाणी शिरू देते आणि अडवतेही. फक्त या दोन गोष्टी वेगवेगळ्या खोलीवर घडतात. नरसाळ्याला खोली नसते.

झाडांबद्दल थोडक्यात. "मुळे माती धरून ठेवतात" हे वाक्य धुपीच्या पाठातून आले आहे आणि ट्रेमध्ये गवत लावून करायचा तो प्रयोग उत्तमच आहे. पण धूप म्हणजे वरची माती कणाकणाने वाहून जाणे. दरडीत अख्खा थर सुटतो. बहुतेक मुळे वरच्या एक-दोन मीटरांत असतात आणि घसरणीचा पृष्ठभाग त्याखाली असेल तर झाडे मातीबरोबर उभीच्या उभी खाली येतात. वृक्षतोड निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. तोडलेल्या झाडांची मुळे काही वर्षांत कुजतात आणि उथळ थरांची पकड जाते. परंतु प्रत्येक दरडीनंतर 'झाडे लावा' एवढेच सांगणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय. उतार कापून केलेले रस्ते, सपाट केलेली शेते आणि पाण्याच्या वळवलेल्या वाटा यांचीही चौकशी करायला हवी.

पाठ बदलेपर्यंत शिक्षकांना काय करता येईल? नरसाळ्याच्या प्रयोगासाठी माती कुटू नये, निदान एकदा तरी. डोंगरावरच्या लाल मातीचे आणि शेतातल्या काळ्या मातीचे वाळलेले ढेकूळ काचेच्या दोन पेल्यांत पाण्याखाली ठेवावे. काळे बहुधा काही मिनिटांत फुगून ढासळते, लाल पुष्कळदा तासभरही आकार टिकवते. नंतर मूठभर लाल माती ओली करून तळहातावर दहा मिनिटे चांगली मळायला सांगावी. सुरुवातीला ती रवाळ, पोयट्यासारखी लागते. मळता मळता दाणे फुटतात आणि चिकटपणा वाढत जातो. माती तीच, तक्त्यातला रकाना मात्र मुलांच्या हातातच बदलतो. आणि शाळा डोंगराच्या कुशीत असेल तर पावसाळ्यात एक वही ठेवावी: वरच्या अंगाला नवी भेग पडली का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले का, विजेचे खांब आणि झाडे कलली का, भिंतीला तिरका तडा गेला का. नोंद रोज एका मुलाने करावी. यांपैकी काही दिसले तर शिक्षकांनी त्याच दिवशी तहसील कार्यालयाला लेखी कळवावे आणि पाऊस चालू असेल तर रात्रीपुरते तरी उताराखालची घरे सोडायला लावावी.