आनंदीबाईंची पत्रे : निरोप आणि परती यांच्या मधली वर्षे

परदेशी गेलेल्या माणसाची आपल्या साहित्यात दोनच चित्रे प्रामुख्याने आढळतात. एक निरोपाचे आणि दुसरे परतीचे. बंदरावर डोळे पुसणारी आई आपल्याला ठाऊक आहे, आणि बऱ्याच वर्षांनी दारात उभा राहिलेला मुलगाही. या दोन चित्रांच्या मधली वर्षे मात्र कथा-कादंबऱ्यांत एखाद्या परिच्छेदात उरकली जातात. वास्तविक विरह म्हणजे ती मधली वर्षेच होत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आपल्या धर्मग्रामांत अशी कितीतरी घरे आहेत की ज्यांचा मुलगा जहाजावर आहे, सून आखातातील रुग्णालयात परिचारिका आहे, किंवा कर्ता पुरुष दोन वर्षांतून एकदाच नाताळाला घरी येतो. त्यांच्या अनुभवाला मराठीत शब्द कुठे मिळाले, याचा शोध घेऊ लागले की प्रथम हाती येतात ती कल्याणच्याच एका लेकीची पत्रे.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७). नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने बरेच मोठे असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून एकटी, म्हणजे पतीवाचून, अमेरिकेस निघाली. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हा वृत्तान्त शाळेच्या पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. पत्रे मात्र फार थोड्यांनी वाचली आहेत.

या पत्रांकडे जाण्याची वाट बहुतेक मराठी वाचकांना श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने दाखवली. या कादंबरीचे ऋण मोठे आहे. विक्षिप्त, हट्टी, प्रसंगी क्रूर आणि तरीही आपल्या काळाच्या पुढे धावणारा गोपाळराव तिच्यात असा उभा राहिला आहे की त्याचा राग येतो आणि त्याला सोडवतही नाही. परंतु शीर्षकापासूनच ही जोडप्याची कथा आहे. आनंदीची वाढ आपण गोपाळरावांच्या ध्यासाच्या प्रकाशात पाहतो. त्यामुळे अमेरिकेतील आनंदी ही स्वतंत्रपणे जगणारी, काम करणारी, थकणारी स्त्री न राहता त्या ध्यासाची पूर्तता होऊन बसते. समीर विद्वांस यांच्या २०१९ च्या चित्रपटाने तर गोपाळरावांना आपल्या अधिकच जवळ आणले. चित्रपट मनाला भिडतो, पण त्यातही भर आहे तो जाण्यापूर्वीच्या झगड्यावर. समुद्रापलीकडचे दिवस पुन्हा थोडक्यात आटोपतात.

पत्रांचा सूर निराळा आहे. तेथे थंडी आहे, धूर कोंडणारी शेगडी आहे, शाकाहार सांभाळण्याची ओढाताण आहे. नऊवारी त्या हवेत निभेना म्हणून लुगडे नेसण्याची पद्धत बदलावी लागली, त्याची रुखरुख आहे. या सगळ्याहून महत्त्वाचा आहे तो पतीशी चाललेला कागदावरचा संवाद. गोपाळराव हजारो मैलांवरून जाब विचारीत असत. पोशाखाबद्दल, वागण्याबद्दल, आपल्याला विसरल्याबद्दल. अशा एका आरोपाच्या उत्तरात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण करून दिली आहे. लाकडाने झालेली मारहाण, अंगावर भिरकावलेली पुस्तके, सोडून जाण्याची धमकी, हे सारे त्यांनी नाव घेऊन मांडले. तुमचे वागणे चांगले होते की वाईट, याचा निवाडा करताना त्या म्हणतात की हेतूकडे पाहिले तर ते योग्य ठरेल, पण बालमनावरील परिणामाकडे पाहिले तर चुकीचेच म्हणावे लागेल. एकोणिसाव्या शतकातील हिंदू पत्नीने पतीला असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे.

येथे समीक्षकाने थोडे थांबावे. हे वाक्य स्वयंपाकघरात उभे राहून बोलता आले असते का? माझ्या मते, नाही. अंतराने आनंदीबाईंना पुष्कळ दुःख दिले, पण बोलण्याचे धैर्यही दिले. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. लिहिणारीला विचार करायला अवधी मिळे आणि वाचणाऱ्याला लगेच हात उगारता येत नसे. ज्या टपाल खात्याच्या पगारावर हा संसार चालला, त्याच टपालाने त्यातील दडलेले सत्य उजेडात आणले. शिवाय त्या पत्रात नुसता संताप नाही. ज्याने आपल्याला घडवले त्याच्याविषयीची कृतज्ञता आणि ज्याने आपल्याला दुखावले त्याच्याविषयीचे गाऱ्हाणे एकाच हाताने लिहिलेले आहे, आणि एकाने दुसरे खोडलेले नाही. विरहाच्या आपल्या गोड साहित्यात असा प्रामाणिकपणा क्वचितच भेटतो.

पत्रव्यवहाराचा दुसरा धागा म्हणजे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी वाइल्डर या अमेरिकन मिशनरीस मदत मागितली होती. ते पत्र मिशनच्या मासिकात छापून आले आणि सोबत ख्रिस्ती होण्याची सूचना आली. आपण ख्रिस्ती वाचकांनी हा भाग ओलांडून जाऊ नये. त्याच मासिकात ते पत्र वाचून कार्पेंटरबाईंनी मात्र कोणतीही अट न घालता आनंदीबाईंस लिहिले. १८८० पासून तीन वर्षे केवळ कागदावर ओळख वाढली आणि ती मावशी-भाचीच्या नात्यापर्यंत पोचली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी १८८३ च्या फेब्रुवारीत सांगितले होते. कार्पेंटरबाईंच्या घराने त्या शब्दाचा मान राखला. परक्याला घरात घेणे हीच प्रभूची सेवा, ही अंतिम न्यायाच्या दृष्टान्तातील शिकवण येथे प्रवचनातून नव्हे, तर एका गृहिणीच्या वागणुकीतून प्रकट झाली. आनंदीबाईंची रक्षा आजही न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे.

पहिल्या चरित्रकारांनी हे कितपत टिपले? कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ सालचे. ते आनंदीबाईंच्या अमेरिकन स्नेह्यांच्या आठवणींचे मोल जाणते, पण एका आदर्श हिंदू स्त्रीची मूर्ती घडवण्याचा मोह त्याला आवरत नाही. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र या बाबतीत सरस आहे. स्वतः चोरून शिकलेल्या या लेखिकेने पत्रांना जागा दिली, आणि म्हणूनच आनंदीबाईंचा आवाज आपल्यापर्यंत पोचला. अलीकडच्या काळात अंजली कीर्तने यांनी परिश्रमपूर्वक चरित्र लिहिले. मीरा कोसंबी यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाने पत्रे पुन्हा केंद्रस्थानी आणली. कादंबरी वाचून थांबलेल्या वाचकाने पुढची पायरी म्हणून कानिटकरांकडे वळावे, असे सुचवावेसे वाटते.

आज आपल्या घरांत पत्रे येत नाहीत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज चेहरा दिसतो. 'जेवलास का?', 'हवा कशी आहे?', 'पैसे मिळाले का?' एवढ्यावर संभाषण संपते, कारण पडद्यासमोर दोन्हीकडचे हसू सांभाळायचे असते. भेट वाढली खरी. सांगणे वाढले का? जहाजावरचा मुलगा आपला एकाकीपणा सांगत नाही आणि इकडची आई आपले आजारपण लपवते. दोघेही प्रेमापोटीच गप्प राहतात. आनंदीबाईंची पत्रे या मौनाला उत्तर देतात. प्रेम राखूनही खरे लिहिता येते, आणि खरे लिहूनही नाते तुटत नाही, याचा पुरावा कल्याणच्या या मुलीने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी ठेवला आहे. १८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेस गेले. पदवीदान समारंभात ते हजर होते. त्या कठोर पत्रानंतरही दोघे एका छताखाली उभे होते.

म्हणून या पत्रांचे स्थान केवळ पहिल्या स्त्री-डॉक्टरांच्या इतिहासात नाही. मराठीतील विरहसाहित्याच्या प्रारंभीच्या पानांत ती मोजली पाहिजेत. आपल्या धर्मग्रामांतील वाचनमंडळांनी ती एकत्र बसून वाचावीत. आणि ज्यांची माणसे दूर आहेत त्यांनी वाचून झाल्यावर एकदा तरी कागद पुढे ओढावा.