‘वाटणे’ आणि ‘वाटून खाणे’

ख्रिस्ती धर्मविचारात भुकेल्यास अन्न देण्याला जे स्थान आहे, त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘दया’, ‘सेवा’ किंवा ‘अन्नदान’ ह्या शब्दांच्या आश्रयाने होते. हे शब्द त्या विचाराचे एकच अंग दाखवितात आणि दुसरे, अधिक अवघड अंग झाकून ठेवितात, असे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम ‘वाटणे’ ह्या धातूचे दोन प्रयोग पाहू. ‘त्यांनी भुकेल्यांना भाकरी वाटल्या’ ह्या वाक्यात कर्ता एका बाजूस आणि ‘भुकेल्यांना’ हे संप्रदान दुसऱ्या बाजूस आहे. कर्ता स्वतः जेवला की नाही, ह्याविषयी वाक्य मौन पाळते. ‘त्यांनी भाकरी वाटून खाल्ली’ ह्या वाक्यात मात्र ऊनप्रत्ययान्त धातुसाधित आणि मुख्य क्रियापद ह्यांचा कर्ता एकच असल्यामुळे वाटणारा हाच खाणारा ठरतो. संप्रदान नाहीसे होते आणि देणारा व घेणारा हा भेदही त्याबरोबर जातो.

नव्या करारात ह्या दोन्ही वृत्ती आढळतात. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात भाषा देण्याची आहे. परंतु तेथे भुकेला हा प्रत्यक्ष राजाच निघतो आणि ज्यांनी दिले, त्यांना आपण कोणास दिले ह्याची जाणीवही नसते. पुण्याचा हिशेब ठेवण्यास दात्याला जागाच राहत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौलाचा आक्षेप ह्याहून मूलगामी आहे. मंडळी एकत्र जमते, पण कोणी आपले आधीच खाऊन घेतो, तर कोणी उपाशीच राहतो. असे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो बजावतो. त्याची तक्रार दान अपुरे पडल्याची नाही, पंक्ती मोडल्याची आहे.

मराठी भाषांतरकारांनी नित्याच्या प्रार्थनेत ‘भाकर’ हा शब्द योजिला, ही निवड अर्थपूर्ण आहे. मूळ ग्रीक शब्दाने गव्हाची किंवा जवाची रोटी सुचते. ‘भाकर’ म्हटल्याबरोबर देशावरील ज्वारी-बाजरी आणि कष्टकऱ्याचे जेवण डोळ्यांपुढे येते. पण हाच शब्द ‘भाकरतुकडा’ ह्या समासातही आहे. भाकरतुकडा ओवाळून टाकतात किंवा दारच्या याचकास घालतात. तो कोणी वाटून खात नाही. शब्द मराठीत आला, तेव्हा ही दोन्ही साहचर्ये त्याच्याबरोबर आली.

पंडिता रमाबाईंच्या कार्याचा विचार येथे उपयुक्त ठरतो. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतः उपासमार सोसली होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आश्रय दिला. ह्या कार्याचे वर्णन ‘उद्धार केला’, ‘अन्न दिले’ असे करणे सोपे आहे. परंतु त्यात आश्रित स्त्रिया सदैव संप्रदानातच राहतात. केडगावी त्या शेतीत राबल्या, मुद्रणालयात खपल्या. रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ साली, त्यांचे बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापून प्रसिद्ध झाले. ‘भाकर’ मागणाऱ्या हातांनीच तो ग्रंथ छापला. येथे संप्रदानाचा कर्ता झालेला दिसतो.

तथापि एक आक्षेप टाळता येणार नाही. अन्नाबरोबर धर्म दिला गेला, असा संशय अशा कार्यावर वारंवार घेतला गेला. शारदा सदनावर १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले होते. हा संशय केवळ द्वेषमूलक म्हणून झिडकारणे बरे नव्हे. भुकेल्याला नाही म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न श्रद्धावंतानेच प्रथम विचारावयास हवा. अन्नाच्या वाक्यास ‘जर’ जोडले की ते दानही राहत नाही, सहभोजनही राहत नाही. तो व्यवहार होतो. उलट, मत्तयाच्या त्या दृश्यात भुकेल्याचा पंथ कोणता, हे कोणी विचारीत नाही.

म्हणून अशा कार्याचे वृत्तान्त वाचताना किती मुखी अन्न पडले, एवढ्यावर अभ्यासकाने थांबू नये. लिहिणारा कोणत्या वाक्यात उभा आहे आणि पंक्तीत त्याचे स्वतःचे पान मांडलेले आहे काय, हे पाहावे. ख्रिस्ती श्रद्धेने स्वतःस लावलेली कसोटीही हीच आहे, आणि ती ‘अन्नदान’ ह्या शब्दाच्या आवाक्यात मावत नाही.